आईने चारच प्राणी सांगितले

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईला विस्मरणाचा आजार आहे आणि महिनाअखेर तिला शुश्रूषागृहात ठेवायचं, हे वाचून पत्र घडी करून ठेवलं. बाबांना जाऊन किती दिवस झाले, आणि तुम्ही तिच्या स्मरणशक्तीची परीक्षाही घेऊन मोकळे झालात.

राग मानू नकोस, पण मला शंका येते. तिथल्या डॉक्टरबाईंना आपली भाषा येत नाही. मग प्रश्न कुणी विचारले? वहिनीची दगदग होते, हे मला समजतं. म्हणूनच विचारते, निकाल आधी आणि परीक्षा नंतर असं तर झालं नाही ना? शुश्रूषागृहाच्या कागदांवर सही करण्याआधी कळव. माझ्यावरचा लोभ या पत्रापायी कमी करू नकोस.

तुझी धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या मागे घरात पोलीस कुणी नव्हता, ती जागा तू घेतलीस. प्रश्न मीच आपल्या भाषेत सांगितले, शब्द इकडचा तिकडे न करता. मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगा म्हटलं, तर गाय, कुत्रा, मांजर, घोडा एवढं सांगून ती गप्प बसली. तारीख विचारली, तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता तूच सांग. आणि वहिनीला यात ओढू नकोस. प्रकृतीला जप.

तुझा दादा

ता. १८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल आईला फोनवर विचारलं, प्राणी चारच का सांगितलेस. ती म्हणाली, गाडीतून उतरताना दादाने बजावलं होतं, डॉक्टरांना घाई असते, मोजकंच बोल. तारीख तर तू शेजारी असताना तिने कशाला सांगायची? बाबा असले की ती त्यांनाच बोलू द्यायची. मग तिने विचारलं, मी पास झाले का. 

आपली भाषा बोलणारं कुणी शोध. या वेळी तू आत बसू नकोस. एवढं ऐक, मग हवं तेवढं रागाव.

तुझी धाकटी

ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या इस्पितळात आपल्या भाषेच्या बाई मिळाल्या, त्याही वहिनीनेच शोधल्या. तिला दोन ओळी लिही.

मी बाहेर बाकावर होतो. आईचा आवाज थांबतच नव्हता. प्राणी संपले, मग बाबांचा विषय निघाला असावा. ते गेल्यापासून माझ्याशी ती त्यांच्याबद्दल एकदाही बोललेली नाही. बाई म्हणाल्या, वयाचं थोडं विसरणं आहे, बाकी दुःख आहे. घरीच राहू द्या. मी सही केली नाही.

परतताना आईने हळूच विचारलं, आता घरी बोललं तर चालेल का.

तुझा दादा