गिरणीच्या सुरात लावलेलं व्हायोलिन

बाबा,

तो गिरणीवाला होता. ज्याच्या संगीताची पानं तुम्ही सावंतवाडीला हाताने उतरवून घेतली होतीत, ज्याचं नाव माहीत नसल्यामुळे आपण दोघं त्याला, तुमच्या व्हायोलिनच्या मास्तरांसारखंच, नुसतं 'बोहेमियावाला' म्हणायचो, तो माणूस पिठाच्या गिरणीत वाढलेला होता. मला हे कळलं गेल्या मंगळवारी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, पुढ्यात डबा ठेवून मोबाइलवर वाचताना, आणि घास हातातच राहिला. पहिला विचार मनात आला तो हाच की घरी गेल्यावर बाबांना सांगायचं. मग आठवलं, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढी मोठी बातमी आणि ज्याला द्यायची तो माणूसच गैरहजर, याचा मला चक्क राग आला. तुमच्यावरच आला. म्हणून आखातातल्या या बेटावर, अमवाजमधल्या घरात, दुपारचं ऊन काचेवर आलेलं असताना, मुलगी कानात हेडफोन घालून अभ्यासाचं नाटक करत असताना, मी हे लिहायला बसले आहे.

आधी सगळं नीट सांगते, तुम्हाला अर्धवट सांगितलेलं आवडत नसे. इथे आमचा एक हौशी वाद्यवृंद आहे. डॉक्टर, मास्तर, बँकेतले आम्ही, एक वैमानिक, अशी सगळी नोकरी सांभाळून वाजवणारी माणसं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या संचालकबाईंनी मला बोलावून सांगितलं की या खेपेला व्हायोलिनचा एकल भाग तू वाजवायचास, आणि कागद हातात दिले. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि खुर्चीवर बसले. आपलीच पानं, बाबा. तुम्ही निळ्या शाईने उतरवलेली, पहिलं पान फाटलेली, हळदीच्या डागांची पानं, इथे स्वच्छ छापून आली होती आणि वर त्याचं पूर्ण नाव होतं. ते नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. म्हणे इटलीतल्या लोकांनाही यायचं नाही, तेही त्याला बोहेमियावालाच म्हणायचे. तेव्हा आपलं फारसं चुकलं नव्हतं.

त्याची कथा अशी. प्राग शहरात बापाची गिरणी, नदीच्या पाण्यावर चालणारी. त्याला एक जुळा भाऊ, दिसायला अगदी तसाच. दोघांनाही बापाचा धंदा शिकवला, आणि हा नुसता शिकला नाही, तर त्या धंद्यातल्या लोकांनी त्याला उस्ताद म्हणून रीतसर मान्यता दिली. व्हायोलिन शेजारी चालूच होतं. मग एक दिवस गिरणी भावाच्या हवाली करून तो इटलीला निघून गेला. पंचविशी उलटलेली, भाषा परकी, ओळख कुणाची नाही, आणि काही वर्षांत तिथल्या मोठमोठ्या नाटकगृहांत त्याची संगीतनाटकं व्हायला लागली. ज्याचं नाव आज सगळं जग घेतं तो साल्झबर्गचा तरुण संगीतकारही याला मानायचा. हा पुढे आजारी पडला, उपचारांनी चेहरा पार बिघडला, तेव्हा तो तरुण त्याला भेटायला इस्पितळात गेला, पण बघवेल का या भीतीने आधी जायला धजत नव्हता. शेवटी रोममध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, हालाखीत गेला. मी हे सगळं वाचलं, पण माझं मन गिरणीपाशीच अडकलं. ज्या हातांनी त्याने दगड आणि पाण्याचं चाक सांभाळलं त्याच हातांनी तो संथ भाग लिहिला, जो वाजवताना मला अजून श्वास घ्यायची भीती वाटते. हे कसं जमतं माणसाला? मला खरंच कळत नाही. मी नुसती थक्क होऊन बसून राहते.

आणि मग मला तुमची गिरणी दिसते. ईसा टाउनच्या बाजारातलं ते दुकान, पुढे मसाल्यांची पोती, मागे अरबाबने, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाने, घेतलेली दगडाची गिरणी. आईला इथे नर्सची नोकरी होती, तिच्यामागून तुम्ही आलात आणि अरबाबकडे दळायला लागलात. रमजानच्या आधी इथल्या बायका गहू आणि मसाले घेऊन रांग लावायच्या, एरवी आपली हिंदुस्थानी माणसं डबे घेऊन. तुम्ही कापडी नळीतून पडणारं पीठ अंगठा आणि बोटात धरता, डोळे मिटता, आणि न बघता वरचा दगड चिमूटभर खाली घेता. दगड झिजला, त्याला टाकी लावायला आली, हे तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळायचं. अरबाबला याचं फार नवल. तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा की माझा माणूस कानाने दळतो.

दुपारी एक ते चार दुकान बंद. ती आपली शाळा. मी शाळेच्या बसमधून तिथेच उतरायची, तुम्ही माझ्यापुढे डबा ठेवायचात आणि पेटीतून व्हायोलिन काढायचात. त्याला मिरचीचा वास यायचा, अर्धा वेळ माझा शिंकण्यात जायचा. सूर लावायची तुमची पद्धत जगात दुसरीकडे कुठे नसेल. वरचा दगड उचलून ठेवायचा, रिकामी गिरणी मिनिटभर सुरू करायची, मोटर एकसारखी घुमायला लागली की तिच्याशी जाडी तार जुळवायची आणि तिच्यावरून बाकीच्या. "ह्यो आपलो सा," तुम्ही म्हणायचात. आपल्याकडे सा कुठेही धरता येतो, आणि चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या तुमच्या मास्तरांनी तुम्हाला बाकी सगळं शिकवलं तरी नेमका सूर देणारं काही हाती दिलं नव्हतं. तुम्हाला दिवसभर न हलणारा एकच सूर माहीत होता, तो तुम्ही धरलात.

पानांवर खुणाही तुमच्याच. स्वरांच्या डोक्यावर बारीक अक्षरात सा रे ग म, आणि समासात कुठे 'भरड', कुठे 'रवा', कुठे 'मैदा'. भरड म्हणजे गज दाबून, रवा म्हणजे एकेक स्वर सुटा, मैदा म्हणजे गज आहे की नाही हे कळू नये इतका हलका. मी घाईने वाजवलं की तुम्ही गजावर बोट ठेवून थांबवायचात. "आधी आयक. दगड काय सांगता ता आयक, मगे वाजय." मला तेव्हा या बोलण्याचा कंटाळा यायचा. दगड काय सांगणार, दगड तो दगड, असं मी एकदा उलट बोलले, तर तुम्ही आठवडाभर व्हायोलिनला हात लावू दिला नाहीत. रोज दुपारी फक्त बसवून ऐकवलंत. गहू कसा वाजतो, ज्वारी कशी, धणे कसे. आज मी एखादा स्वर किंचित चढला की झोपेतही ओळखेन, तो त्या आठवड्याचा प्रसाद आहे.

आता त्या दिवसाबद्दल. मी बारा वर्षांची, शाळेत वादनाची स्पर्धा, आणि मी बोहेमियावाल्याचा पहिला भाग वाजवणार. सकाळी तुम्ही गिरणीवर व्हायोलिन लावून दिलंत, पिकअपमधून मला शाळेत आणलंत. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, तरी कानाच्या पाळीवर पीठ राहिलंच होतं. ते मला दिसलं होतं आणि मी पुसलं नाही. मी मंचावर उभी राहिले, संगीताच्या बाई पियानोवर बसल्या, आणि दोन ओळींत सगळ्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. गिरणीचा सूर पियानोपेक्षा केसभर वर होता. घरी आपल्याला ते कळायला मार्गच नव्हता, आपल्या शेजारी कधी पियानो नव्हता. बाई थांबल्या आणि हसून इंग्रजीत विचारलं की हे कुणी लावलं. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. मी इंग्रजीत म्हणाले, "बाबांनी. त्यांना काही कळत नाही. ते नुसते पिठाची गिरणी चालवतात."

चार मुलं हसली. बाईंनी तारा उतरवल्या, मी वाजवलं, दुसरं बक्षीस मिळालं. परत निघताना पिकअपमध्ये बसून तुम्ही बक्षिसाचा कप मांडीवर घेऊन बघितलात आणि छान वाजवलंस म्हणालात. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गिरणी सुरू केली नाहीत. व्हायोलिन माझ्या हातात दिलंत. "आता तूच लाय गो. तुजो कान तयार झालो." पुढच्या रजेत गावाहून येताना मुंबईत उतरून तुम्ही पोलादाचा सूरकाटा घेऊन आलात. ठोकला की नेमका एकच स्वर देणारा. पिठाच्या कोऱ्या पिशवीत गुंडाळून मला दिलात. मी आनंदाने उड्या मारल्या. तुम्ही पुन्हा कधीही माझ्या व्हायोलिनच्या खुंटीला हात लावला नाहीत. तुमची शेवटची काही वर्षं आपण हमद टाउनमध्ये होतो, तेव्हाही मी सूर लावायला लागले की तुम्ही उठून बाल्कनीत जायचात. मी आईला म्हणायची, बाबांना आता गोडी राहिली नाही.

परवा मुलीला बोहेमियावाल्याची गोष्ट सांगितली. तिने एक कान मोकळा केला. "सो ही लेफ्ट द मिल," ती म्हणाली. आणि मग, "आजोबा डिडन्ट." मी म्हटलं, हो, त्याला गिरणी सांभाळायला जुळा भाऊ होता, आजोबांच्या पदरी मी होते. तिने तुमची निळ्या शाईची पानं मागून घेतली आणि बराच वेळ ती 'भरड' आणि 'रवा' वाचत बसली. मराठी अक्षरं तिला जुळवून वाचावी लागतात, तरी वाचली. त्या छापील कागदांवर मी तुमच्या सगळ्या खुणा पेन्सिलीने उतरवल्या आहेत. शेजारी बसणारा वैमानिक विचारतो की ही कुठल्या पद्धतीची चिन्हं. मी त्याला सांगते, जुनी पद्धत आहे.

येत्या शुक्रवारी कार्यक्रम. वाजवण्याआधी संगीतकाराबद्दल दोन मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आहे. मी तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. आता ठरवलंय, फक्त एवढं सांगायचं की तो गिरणीवाला होता, आणि मला हे शिकवणारे माझे वडीलही गिरणी चालवायचे, आणि माझ्या ओळखीत त्यांच्याइतका तयार कान कुणाचा नव्हता. इंग्रजीत सांगणार आहे. ते वाक्यही मी इंग्रजीतच बोलले होते.

हे पत्र तुमच्या पानांमागे फाइलमध्ये ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. फक्त एक राहिलं. मी आईला, नवऱ्याला, सगळ्यांना आजवर सांगत आले की लहान होते, बोलून गेले, आणि बरं झालं बाबांना इंग्रजी येत नव्हतं. बाबा, त्या स्पर्धेच्या आदल्याच आठवड्यात तुम्ही दुकानात एका गोऱ्या बाईंना कोणतं पीठ कशासाठी ते इंग्रजीत समजावून सांगत होतात. मी पोत्यांमागे बसून डबा खात होते, आणि मी सगळं ऐकलं होतं.