सुयांच्या उशीशेजारचं साळिंदर

१४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आई बरी आहे, अप्पा बरे आहेत, दुकान चाललंय. झाली रीत पाळून. आता मुद्द्यावर येतो.

तुझं पुस्तक घरात आलंय. माझ्या लेकीला शाळेच्या वाचनालयात मिळालं. एक साळिंदर शिंप्याच्या घरात शिरतं आणि दिसेल तिथे नाक खुपसतं. वर तुझं नाव बघून मी ते आधी अप्पांपासून लपवलं. तू शिवणकाम टाकून चित्रं काढायला निघून गेलास, तेव्हापासून या घरात तुझं नाव काढायचं नाही, हा त्यांचाच हुकूम. मग निवांत बसून पानं पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

अरे, हे आमचं घर आहे! निळी खिडकी, विटेवर टेकवलेलं स्टूल, हे ठीक, तुझ्या वेळचं आहे. पण वाफेची इस्त्री? ती गेल्या वर्षी घेतली. मशीनवरचं ठिपक्यांचं झाकण? ते माझ्या बायकोने शिवलं, आणि ती तर तू गेल्यावर या घरात आली. तुला हे सगळं पुरवतं कोण?

पहिला संशय आईवर. तिला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "त्याचा आवाज ऐकला असता तर मी इतकी गप्प बसले असते का रे?" आणि तिचे डोळे भरले. मग बायकोवर. दोन दिवस तिच्या फोनवर डोळा ठेवून होतो. तिच्या ते लगेच लक्षात आलं. म्हणाली, "पाळतच ठेवायचीय ना, मग इथे बसून लसूण तरी सोल."

मग ते पान नीट पाहिलं. सकाळची वेळ, म्हातारा शिंपी खिडकीशी बसून एकेका सुईत दोरा ओवतोय आणि सुया उशीवर टोचून ठेवतोय. साळिंदराला वाटतं, हे आपल्याच जातकुळीतलं कुणीतरी, म्हणून ते उशीला चिकटून बसतं. लेक खदखदून हसली. मला मात्र पटेना. सुई लागेल तेव्हाच ओवायची, ही अप्पांचीच शिस्त. उशी भरून ठेवली म्हणून आपण दोघांनी किती बोलणी खाल्लीत!

दुसऱ्या दिवशी दुकानात लवकर गेलो. अप्पा खिडकीशी होते. सुई पार नाकाजवळ, दोरा चुकतोय, पुन्हा ओठांत ओला करतायत. उशी अर्धी भरली होती. मी तसाच मागे फिरलो. हल्ली दिवे लागले की ते म्हणतात, "काजं तू कर, तुझा हात बसायला हवा." त्याचं कारण तेव्हा कळलं. आणि मधूनमधून कापड बघायला म्हणून जातात आणि हात हलवत परत येतात, त्याचंही.

फार राग आला, दादा. तुझं नाव टाकलेला माणूस तुलाच जाऊन भेटतो, डोळे जातायत हे तुलाच सांगतो. मी रोज त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसतो. मला एका शब्दाने नाही. वर तुझ्या पुस्तकात आई आहे, अप्पा आहेत, शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा आहे. मीच तेवढा कुठे नाही.

हे लेकीजवळ बोलून गेलो, तर तिने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, साळिंदराचा डावा कान बघा ना!"

बघितला. कानाला खाच आहे. लहानपणी तुझ्या हातातली कात्री लागून मला पडली, अगदी तशी, त्याच जागी. तेव्हापासून तू मला कानतुट्या म्हणायचास आणि मी दगड घेऊन तुझ्यामागे धावायचो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो कान आहे. 

अप्पांना मी काही विचारणार नाही. पण त्यांचे डोळे दाखवायला हवेत, आणि त्या बाबतीत ते माझं ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतील. तू घरी ये. दुकानात शिरून सरळ सांग, सदरा शिवायचाय. अप्पा ओरडले तर ओरडू देत, माप मी घेईन. तुझा आवाज ऐकून आई आतून धावत येईल, ते मला बघायचंय.

आपल्या घराची वाट तू अजून विसरलेला नाहीस, हे पुस्तकात दिसलंच.

तुझाच,
सगळीकडे नाक खुपसणारा
कानतुट्या