तोंड चालवण्याचा परवाना

ती. वन्सं यांस,

भांडी घासणं हे काम आहे की नाही, एवढं आधी मला सांगा, नमस्कार मागून करते. नाही, आत्ताच करते, उगाच म्हणाल परदेशी जाऊन वहिनी रीत विसरली. नमस्कार. तुमचं गुडघ्याचं तेल संपलं का? आमच्या ह्यांची तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही माझ्या घरी राहून भावाचं करताय म्हणजे पोट बरंच असणार. (गॅसची डावी बाजू ठोसा मारल्याशिवाय पेटत नाही. हलक्या हातानं नको, कुणाला तरी डोळ्यापुढे आणून मनापासून मारा.) इथे लेकीला आता नववा लागेल. पाय सुजलेत, बसली तर उठवत नाही आणि उठली तर बसवत नाही. विहीणबाई स्वतःच काठीवर, त्या काही येत नाहीत. म्हणजे तिच्याजवळ मी आणि मीच. आणि मलाच इथलं सरकार चालती हो म्हणतंय. का, तर मी काम करते म्हणून!

नीट ऐका. हात चालले की माझं तोंड चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. आल्या आल्या एकदा चादरीची घडी घालत होते. वन्सं, इथे चादरीला चारी कोपऱ्यांत इलास्टिक शिवतात, गादीला चड्डी घातल्यासारखं. तिला ना शेंडा ना बुडखा. एक कोपरा धरावा तर दुसरा पळतो. मी तिला बोलले. शिवणाऱ्याला बोलले, विकणाऱ्याला बोलले, विकत आणणाऱ्या जावईबापूंना तर बोललेच. आणि जावईबापू दाराआड उभे राहून मोबाईलवर सगळं टिपत होते! (शिकलेला माणूस. दुसरं टोक धरलं असतं तर झिजला असता का?) ते त्यांनी जगाला दाखवलं. लोकांना इतकं आवडलं म्हणता! आपली भाषा न कळणारी माणसंही म्हणे पोट धरून हसली. चादर सगळ्यांच्या घरी तीच असणार, दुसरं काय. मग रोजचंच झालं. मी भांड्यांना बोलते, ते टिपतात. नळाला बोलते, ते टिपतात. त्यांनाच बोलले तरी टिपतात, वर म्हणतात, "आई, पुन्हा एकदा बोला ना, मघाशी उजेड नव्हता." जावयाला दोन-दोनदा बोलायला मिळणारी सासू तुम्ही कधी पाहिलीत?

इथपर्यंत सुख होतं. मग कुणा साबणवाल्यानं खोकंभर साबण पाठवला. मी मागितला नव्हता. फेस येत नाही म्हणून त्यालाही बोलले, तेही गाजलं, आणि पाठोपाठ व्हिसाच्या कचेरीतून शिक्का मारलेलं बोलावणं आलं. नियम असा, की पाहुणी म्हणून राहणाऱ्या बाईनं घरच्या गमतीजमती टिपून दाखवल्या तर हरकत नाही. पण त्याबद्दल कुणी काही दिलं, मग ती साबणाची वडी का असेना, की त्यात दिसणारं धुणं-भांडीसुद्धा काम झालं, आणि कामाला परवाना लागतो. बघणारे कुठल्याही मुलखातले असोत, तोंड जिथे चालतं तिथला परवाना. तो माझ्याकडे नाही.

लेकीनं रस्ताभर पढवलं, की आई, तू एवढंच म्हण, मी काम करत नाही, हौस म्हणून करते. बरं म्हटलं. पण कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि घरात द्यायजोगा होता साबण. मी पिशवीतून दोन वड्या काढून साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. लेकीनं कपाळाला हात लावला. साहेबानं (साहेब कसला, लेकीच्या वयाचा पोरगा, सदऱ्याला इस्त्री फक्त पुढून) हातमोजे घालून त्या वड्या प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या आणि वर चिठ्ठी डकवली. म्हणजे ज्या साबणावरून खटला, तोच मी लाच म्हणून दिला, असं झालं. मी म्हटलं, अहो, लाच द्यायची असती तर फेस येणारा दिला असता!

हे साहेबाला सांगायला एक दुभाषी बाई बसवली होती. तिची मराठी पुस्तकातली. मला विचारते, "आपण गृही श्रम करता काय?" मी म्हटलं, श्रम कसले बाई, मरमर मरते. तिनं ते साहेबाला बराच वेळ समजावलं, तो घाबरला आणि त्यानं मला उठून पाणी दिलं. मग मीच विचारलं, फोनवरून मी घरी नवऱ्याला बोलते, त्यालाही परवाना लागतो का? त्यानं नियम चाळले आणि विचारलं, नवरा त्याबद्दल काही देतो का? मी म्हटलं, उभ्या जन्मात नाही. तर म्हणाला, मग ती हौस, चालू ठेवा.

शेवटी लेकीचं पोट पाहून त्याला दया आली. कागद पुढे केला, म्हणाला, यावर सही करा, टिपणं बंद करा आणि बाळंतपण उरकून सावकाश जा, वड्यांचंही मी विसरतो. मी पेन उचललं. दुभाषी बाईनं वाचून दाखवलं, 'स्वयंपाक, भांडी, कपडे व केरवारा ही कृत्ये मी केवळ स्वतःच्या करमणुकीसाठी करते.'

मी पेन खाली ठेवलं.

करमणूक! सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं काढलं, ती माझी करमणूक? अंगात ताप असताना तुमच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या, ती काय मला नाटक बघायची हौस होती? आजवर शाळेत म्हणा, रेशनवर म्हणा, बँकेत म्हणा, माझ्या नावापुढे व्यवसाय म्हणून सगळ्यांनी 'काही नाही' लिहिलं. आणि हा परका पोरगा, पहिलाच माणूस, शिक्का मारून म्हणाला की बाई, तुम्ही करता ते काम आहे. हाकलण्यासाठी म्हणाला असेना का, पण म्हणाला ना! ते मी माझ्याच हातानं खोडू? लेक रडायला लागली, "आई, माझ्यासाठी कर गं सही." मी म्हटलं, तुझ्यासाठी काय वाटेल ते करीन, पण त्याला करमणूक म्हणणार नाही. "मग बस विमानात आणि तिकडून गा बाळाला अंगाई!" म्हणाली. (माझीच पोर, तोंडाला धार असायचीच.) हे चाललं असताना जावईबापूंनी मोबाईल काढला, तेव्हा साहेबानं त्यांना दंडाला धरून बाहेर बसवलं. तेवढं एक काम त्यानं चांगलं केलं.

आता शुक्रवारी पुन्हा बोलावलंय, म्हणून टपालाची वाट न बघता या पत्राचा फोटो मोबाईलवर पाठवतेय. लेक माझ्याशी बोलत नाही, फक्त भूक लागली की बोलते. ह्यांना यातलं काही सांगू नका, त्यांना आधी पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

आपली,
वहिनी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. सही करायची नसेल तर दुसरी वाट आहे, रीतसर परवान्याचा अर्ज. त्याला अनुभवाचा दाखला जोडावा लागतो, ज्यांच्या घरी काम केलं त्यांचा. नवऱ्याचा चालत नाही, तो म्हणे फायदा घेणाऱ्यांत मोडतो. सासूबाई वर गेल्या, तिथून टपाल येत नाही. म्हणजे राहिलात तुम्ही. 'आमच्या वहिनीने लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरी काम केले आहे,' एवढं एकच वाक्य लिहून सही ठोका. चारचौघींत तुम्ही म्हणता ना, 'वहिनीला काय, घरीच तर असते', ते वाक्य मात्र त्यात घालू नका.

आणखी ता. क. : 'स्वभाव' असाही एक रकाना आहे. तिथे खरं लिहायची गरज नाही.

शेवटचं ता. क. : लिहायला जड जात असेल तर तसं सांगा. अवघडलेल्या पोरीला टाकून मी काही येणार नाही, मुकाट्यानं त्या करमणुकीच्या कागदावर सही करीन. पण मग ते सरकारी शिक्क्याचं झालं. परत आले की मी खुर्चीत बसणार. करमणूक काही रोज केलीच पाहिजे असं नाही. तुमच्या भावाला जेवायला मात्र रोज लागतं, आणि तुम्ही तिथे आहातच. तेव्हा हो की नाही, गुरुवारी दिवेलागणीच्या आत कळवा.