आबांची जीप मोडीत काढण्याबाबत

हडको, छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२५

ती. मालनआक्का,

सर्जेरावचा नमस्कार. इकडं सगळं ठीक आहे. तिकडंही असेल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन लावला तर तुझा फोन मला कायम 'व्यस्त' सांगतो. पाच वर्षं कुणी इतकं व्यस्त नसतं. शेवटी विश्वजीत म्हणाला, "पप्पा, आत्यानं तुम्हाला ब्लॉक केलंय." म्हणून हे पत्र. पोस्टमनकडं अजून ती सोय नाही.

कामाचं लिहितो. आबांची जीप आता काढायची आहे. पहिला गिअर पडत नाही, म्हणून मी ती उतारावर उभी करतो. आमच्या भागात उतार एकच, तो दवाखान्यासमोर. त्यामुळं कॉलनीतले लोक माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागलेत. डाव्या बाजूचं दार दोरीनं बांधलंय. पावसाळ्यात वायपर हातानं फिरवायचा, म्हणजे तुझ्या भावजयीनं, मेघानं फिरवायचा, आणि ती तो फिरवताना जे बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

सांडू मिस्त्रीला दाखवली. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि हळूच बंद केलं, माणसाच्या तोंडावर चादर ओढतात तसं. म्हणाला, "साहेब, हिला आता हात लावला तं पाप लागंल मला."

तर एक लाल छोटी गाडी पाहिली आहे. नऊ वर्षं वापरलेली. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. गाडी फक्त शाळेत आणि देवळात नेली, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. सांडू गाडीखाली झोपून पाहून आला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "बाईंचं देऊळ लई लांब हाय. खाली समदी नदीची वाळू हाय." तरी इंजिन चांगलं निघालं, आणि परवडते. माझ्या वयाला आलं की जे परवडतं तेच आवडतं असं म्हणायची सवय लावून घ्यावी लागते.

आता अडचण. कॉलनीत घरटी एकच गाडी उभी करायची जागा. जीप गेल्याशिवाय लाल गाडीला जागा नाही. जीप मोडीत द्यायला गेलो तर ते म्हणतात, मालकाला आणा. मालक आबा. त्यांना जाऊन सात वर्षं झाली, पण आरटीओच्या दफ्तरी ते अजून गाडी चालवतात. म्हणजे सगळ्या वारसांची संमती लागते, स्टॅम्पपेपरवर. वारस दोन. तू आणि मी.

कागद सोबत पाठवला आहे. तुझ्या नावावर सही कर, आधारची झेरॉक्स जोड, परत पाठव. मालकीणबाई वीस तारखेपर्यंत थांबणार आहेत.

एक गोष्ट लिहून टाकतो. मागच्या पाच पंचम्यांना तुला न्यायला जीप आली नाही, त्याचा राग तू धरलास. मी तरी सगळ्यांना असंच सांगत आलोय, देवगावात भावकीलाही. त्याआधी दरवर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी जीप गंगापूरला तुझ्या दारात असायची. मुराळी मी, मागच्या बाकावर तुझ्यासाठी सतरंजी. आता तिला लांबचा पल्ला झेपत नाही. पंचमीच्या वेळी ती नेमकी बंद पडलेली असायची. नवी गाडी आली की तसं होणार नाही.

दाजींना नमस्कार, श्रेयाला आशीर्वाद. सहीचं तेवढं बघ.

तुझा
सर्जेराव


२३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

नमस्कार. कागद परत मिळाला. सही नाही. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तुझं अक्षर: "सर्ज्या, ह्यात काय हाय ते वाचून दाखव. मग बघू."

तू दहावीला पहिल्या वर्गात पास झालीस. मी त्याच परीक्षेला दोनदा बसलो. वाचायला तुला माझी गरज काय, कळलं नाही. तरी वाचतो. "आम्ही खाली सह्या करणार, कैलासवासी रामकिसन यांचे कायदेशीर वारस, लिहून देतो की त्यांच्या नावे असलेली जीप मोडीत काढण्यास आमची हरकत नाही." संपलं. यात फसवण्यासारखं काही नाही.

हा शब्द मी का वापरला माहीत नाही. खोडायचा तर पान खराब दिसेल. राहू दे.

कागद ज्या वकिलांनी केला ते आपले कन्नडचेच, जुने. म्हणाले, "सर्जेराव, तेव्हाच्या कागदात शेवटी 'आणि इतर सर्व चीजवस्तू' एवढं टाकलं असतं, तर आज ही पाळी आली नसती. घाईघाईत जीप राहूनच गेली." ते हसले. मीही हसलो. चहा त्यांचा होता.

मालकीणबाईंकडून आणखी एक आठवडा मागून घेतला आहे. त्यांनी विचारलं, "सख्ख्या बहिणीची सही ना? मग उशीर कशाला?" मी म्हणालो, पोस्टाचं असंच असतं.

कागद पुन्हा पाठवतो आहे. आता वाचूनही दाखवला.

सर्जेराव


९ मार्च २०२५

आक्का,

कागद परत आला. या वेळी पेन्सिलीनं दोनच वाक्यं: "हा नाय. आधीचा."

तीन दिवस मी तो आधीचा कागद शोधत होतो. तो कपाटात कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून बाकीच्या सगळ्या जागा आधी पाहून घेतल्या. आज रविवार, मेघा बाजारात गेली आहे. वाचतो.

"हक्कसोडपत्र. लिहून घेणार सर्जेराव रामकिसन. लिहून देणार सौ. मालनबाई, राहणार गंगापूर. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते की, मौजे देवगाव रंगारी येथील आठ एकर शेतजमिनीतील माझा संपूर्ण हिस्सा मी माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. सदर जमिनीवर यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही. सदर पत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता, मजकूर वाचून व समजून घेऊन लिहून दिले आहे."

यातलं नशापाण्याचं तेवढं खरं आहे.

तू वाचला नव्हतास. मी वाचू दिला नव्हता. आबांना जाऊन महिना झाला होता. तुला मी फोनवर सांगितलं होतं की सातबाऱ्यावर दोघांची नावं लावायची आहेत, वारसनोंदीचा कागद आहे, कन्नडला ये. नाव लावायचा म्हणून सांगितलेला तो नाव काढायचा कागद होता. तू चष्मा काढायला पिशवीत हात घातलास. मी म्हणालो, "काय वाचती आक्का, मी वाचलाय ना. दाजींची गाडी चुकंल." तू चष्मा परत ठेवलास. मग रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं, "बाई, समजलं ना काय लिहिलंय?" तू माझ्याकडं पाहिलंस. मी मान हलवली. तुझी मान त्यानंतर हलली. फोटो काढला, अंगठे घेतले, पंधरा मिनिटांत झालं. बाहेर येऊन मी तुला साडी दिली आणि तू म्हणालीस, "कशाला रे खर्च?"

ते वाक्य मी सात वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या ऑफिसात कागदावर सही करायला आलेल्या प्रत्येक माणसाला मी रोज सांगतो, काका, वाचून सही करा. लोक मला भला माणूस समजतात.

मग दोन वर्षांनी तुझ्या श्रेयानं मोबाईलवर सातबारा काढला आणि तुला दाखवला. त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू शिव्या देशील म्हणून मी तयारी करून बसलो होतो. तू फक्त विचारलंस, "मागितलं असतं तर दिलं नसतं का रं?" आणि ठेवलास. त्याचं उत्तर माझ्याकडं तेव्हाही होतं. तू दिलं असतंस. पण मागितल्यावर माणूस नाही म्हणू शकतो, एवढीच जोखीम मला नको होती.

पंचमीला जीप बंद नसायची. पहिल्या वर्षी तर मी ती धुऊन, सतरंजी टाकून वाळूजच्या पुढपर्यंत आणली होती. तुझ्या दारात उभं राहून हाक कशी मारायची ते ठरेना, म्हणून मागं फिरवली. घरी सांगितलं, गरम झाली. पुढच्या वर्षीपासून घरातूनच गरम व्हायला लागली.

वकील हसले ते का, हे आता तुला कळेल. आबांच्या सगळ्या मालमत्तेत जिच्यावर तुझा हक्क कायद्यानं शिल्लक राहिला अशी एकच वस्तू आहे, आणि ती ढकलल्याशिवाय चालू होत नाही.

लाल गाडी शेवटी आणली. मालकीणबाईंना आणखी थांबवता येईना. मागच्या काचेवर 'पिहू आणि रुद्र' लिहिलंय. ही कोण पोरं, मला माहीत नाही. नखानं खरवडून निघत नाही. जीप कॉलनीच्या फाटकाबाहेर उभी आहे. परवा चेअरमननं तिच्यावर नोटीस चिकटवली, आठ दिवसांत वाहन हलवावे, आणि वर नाव घातलं ते थेट आरसी बुकातलं: श्री. रामकिसन यांस. आबांना हयातीत कुणी नोटीस दिली नव्हती.

मागच्या बुधवारी रजा टाकली आणि लाल गाडी घेऊन गंगापूरला आलो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, तिथं थांबलो. तू ओट्यावर डाळ निवडत होतीस. केस बरेच पांढरे झालेत. गाडी नवी, म्हणून तू ओळखली नाहीस, नुसती नजर टाकलीस आणि परत डाळीकडं पाहिलंस. जीप असती तर आवाजावरून उठली असतीस. गाडी बदलण्याचा असाही एक फायदा असतो, तो मी घेतला आणि परत आलो. यायचं नव्हतं तर डिझेल, चुकलो, पेट्रोल कशाला जाळलं, असं मेघा म्हणाली. तिला सगळं तेव्हाच सांगितलं.

तिला इतकी वर्षं वाटत होतं की तू राजीखुशीनं दिलंस. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता काय करणार?"

म्हणालो, तिचा हिस्सा परत करायचा.

"एका बंद जीपच्या सहीपायी चार एकर?"

"जीपचा संबंध नाही."

गवार मोडता मोडता ती म्हणाली, "मी माझ्या भावाला सही दिली तव्हा तुम्ही शेजारी उभे होते. म्हणालात, देऊन टाक, माहेर टिकतं. मला कुणी वाचून दाखवलं होतं का?"

  ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे, आणि तिला हे पटलेलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतायत.

वकिलांकडं जाऊन आलो. बक्षीसपत्र करावं लागतं. त्यांनी विचारलं, किती? आणि आक्का, तुला खोटं सांगत नाही, माझ्या तोंडून पहिल्यांदा 'दीड एकर' निघालं. वकिलांनी लिहूनही घेतलं. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन चार करायला लावले. विहिरीकडची बाजू तुझ्याकडं. ते म्हणाले, "सर्जेराव, बहिणीनं काही म्हटलंय का? केस वगैरे?" म्हटलं, नाही. "मग कशाला?" ते आपले जुने वकील आहेत, आधीचा कागदही त्यांनीच केला होता, त्यांना अडचण नको म्हणून मी कारण सांगितलं नाही.

मसुदा सोबत आहे. जीपचा कागद मुद्दाम जोडलेला नाही. दोन्ही एका पाकिटात घातले तर पुन्हा तोच धंदा होईल. जीप फाटकाबाहेर उभी राहील. चेअरमन आबांशी पत्रव्यवहार करत बसतील.

मसुदा श्रेयाला वाचायला दे. दुसरा वकील पाहा, माझा नको. दाजींना दाखव. काही खोडायचं असेल तर खोड. सोमवारी, सतरा तारखेला, अकरा वाजता मी कन्नडच्या रजिस्ट्रार ऑफिसात असेन. गाडी पाठवू का असं विचारत नाही. एसटीनं ये, म्हणजे मधेच उठून जावंसं वाटलं तर कुणाच्या गाडीवर अवलंबून राहावं लागणार नाही. मेघा येणार नाही, तिनं तसं सांगितलंय.

तू आली नाहीस तर त्याच्या पुढच्या सोमवारी मी तिथंच असेन. त्याच्या पुढच्याही. रजा शिल्लक आहे. आलीस तर आधी चष्मा लाव आणि पहिल्या ओळीपासून वाच. घाई करणारं कुणी नसेल. साहेबांनी समजलं का विचारलं, तर माझ्याकडं पाहू नकोस.

तुझं वाचून होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलेला,
सर्जेराव