हॅलिफॅक्समधली नवी जागा

हॅलिफॅक्स, ७ ऑक्टोबर

लाडक्या आईस,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांची कंबर कशी आहे? त्यांना एकट्याने होडी किनाऱ्यावर ओढू देऊ नकोस.

मला नवी जागा मिळाली. स्वयंपाकघरात छान ऊन येतं. शनिवारी डेक्लनबरोबर बघायला गेले होते. इतक्या वर्षांनी एकदाचं एकत्र राहायचं, म्हणून मी मनातल्या मनात नाचत होते. त्याने नळ सोडून पाहिले, हीटरला हात लावला, दाराची कडी पुन्हापुन्हा ओढून पाहिली. मी म्हटलं, "काय रे, या घरात मुलगी द्यायला आलायस का?" तो हसला नाही.

घरमालकीणबाईंनी विचारलं, "दोघंच राहणार ना?"

तो म्हणाला, "नाही, ती एकटीच."

मग जिन्यात त्याने सांगितलं, की व्हँकुव्हरची नोकरी त्याने घेतली आहे.

"मग मीही येते की," मी म्हटलं.

"ब्रिन, तू यावंस असं मला वाटत नाही गं. पण तुला चांगल्या जागी पोचवल्याशिवाय माझा पाय निघाला नसता."

त्याच्यावर धड चिडताही येत नाही, आई.

जागा मी घेतली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी एकटीच येईन, टर्की लहानच आण. बाबांनी त्याच्यासाठी होडीवर घालायला रबरी बूट आणून ठेवलेत ना, ते मी यायच्या आत परत करायला सांग.

आणि बस थांब्यावर मला काही विचारू नकोस. नुसतं जवळ घे.

तुझीच,
ब्रिन