आधी नावाड्याची बायको बसते

टेकडीवस्ती, येलदरी जलाशय
११ ऑगस्ट २०२५

ती. प्रियाताईस,
धाकट्या भक्तीचा शि. सा. न. वि. वि.

इथं फोनला रेंज न्हाई, म्हणून दूधवाल्या बन्सीधरभाऊंच्या हाती पत्र द्यायलेय. ते डोंगराच्या वाटेनं पायी जातेत. धरण भरलं अन् आमचा रस्ता पाण्याखाली गेला. आता येलदरीला जायचं तर नावेनं, न्हाईतर डोंगर चढून. शनिवारी हंगामाची पहिली नाव सुटायचीय. सासरे गेल्या साली वारले, म्हणून औंदा पहिल्यांदाच हे एकटे नावाडी.

ताई, मला लय भेव वाटायलंय. इथला रिवाज असा, की आधी नावाड्याच्या बायकोनं बसायचं. ती त्या काठाला जाऊन सुखरूप माघारी आली, की मग बाकीचे चढणार. आपण पेडगावच्या, विहिरीत वाकून बघितलं तरी माय ओरडायची! काल नाव झाडायला आत उतरले, तर फळ्यांच्या फटीतून ऊन दिसायलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, डांबर मारतो, उगं जिवाला घोर लावून घेऊ नको. शेजारच्या सुलाबाईच्या सुनेचे दिवस भरत आलेत, तिला दवाखान्यात जायला डोंगर चढवत न्हाई, म्हणून सगळी वस्ती ह्यांच्या मागं लागलीय. मी न्हाई म्हणले तर नाव सुटायची न्हाई. काय करू, लवकर कळव. मायला सांगू नको.

अशीच पाठीशी राहा.
भक्ती


परभणी
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. भक्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. अगं, जत्रेतल्या पाळण्यात बसायच्या आधी रडून गाव गोळा करणारी तू, अन् आता नावाड्याची बायको! हसावं म्हणलं, पण हसू येईना.

आमचे शेजारी अनंतराव पूर्वी धरणावर नोकरीला होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, उन्हाळाभर वाळलेली लाकडी नाव आधी आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवावी लागते. लाकूड फुगलं, की फटी मिटतेत. नुसत्या डांबरानं काय व्हत न्हाई. आदिनाथरावांनी नाव बुडवली होती का, तेवढं विचार. न्हाई म्हणले तर आत पाय ठेवू नको, रिवाज गेला चुलीत! पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून तुझे दाजी मोटारसायकलवर येलदरीला निघालेत, बन्सीधरभाऊंना गाठून देतील. माय सध्या माझ्याकडंच हाय. तिला बोलले न्हाई, पण ती सकाळपास्नं तुझीच आठवण काढायलीय. जीव टांगणीला लागलाय गं.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
प्रियाताई


टेकडीवस्ती
१७ ऑगस्ट २०२५

ती. ताईंस,
आदिनाथचा सा. न.

माझं अक्षर बघून घाबरू नका, भक्ती सुखरूप हाय. तुमचं पत्र काल बन्सीधरभाऊनं आणलं, तवर नाव सुटली होती.

ताई, नाव बुडवली न्हवती. बाबा दरसाल बुडवायचे, मी बघितलंय. पण लोक घाई करायले, अन् मी दोन दिवसांत डांबर मारून मोकळा झालो. मधोमध गेलो अन् पाणी घोट्याला लागलं. मी तशीच नाव फिरवली. मी वल्ही मारत होतो, ती घमेल्यानं पाणी उपसत होती. काठाला लागलो तवा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. सगळ्या वस्तीसमोर मी तिचे पाय धरले. माझं चुकलं, पदरात घ्या.

कालपासून नावेत धोंडे भरून ती पाण्यात बुडवलीय. पुढच्या रविवारी पुन्हा पहिली फेरी. मी म्हणलं, औंदा रिवाज मोडू, मी एकटाच जाऊन येतो. तर भक्ती म्हणती, मी बसल्याबिगर सुलाबाईची सून चढायची न्हाई, अन् तिच्या बाळंतपणाला आता लय दिवस न्हाईत. मीच बसणार.

ताई, मी लहानपणापास्नं पाण्यात वाढलो. पण आता नावेकडं बघवत न्हाई. रात्री दोनदा उठून तिचा श्वास बघितला. ती माझं ऐकायली न्हाई, तुमचं ऐकंल. तिला नको म्हणून लिहा. ती बसली तर मला वल्हं धरवणार न्हाई.

आपला,
आदिनाथ