आखाजीच्या सोन्यावरचं कर्ज

सुरत, गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

डायरीची माफी मागते. नवरात्रापासून इथे एक ओळ नाही. लिहायला बसले की तोच एक विषय यायचा आणि त्याचा मलाच वीट आला होता. आज मात्र लिहायला हवं. सोमवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात मामुली आहे, पण मामुली ऑपरेशनच्या फॉर्मवरही त्यांनी माझ्या बऱ्याच सह्या घेतल्या. म्हणून मृत्युपत्राचा कच्चा मसुदा इथे करते. शनिवारी पक्क्या कागदावर उतरवीन.

मी, जयश्री हेमराज बोरसे, वय सेहेचाळीस, बी.कॉम., राहणार पर्वत पाटिया, सुरत, नोकरी कडोदऱ्याच्या साडी प्रोसेसिंग मिलच्या हिशेब खात्यात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाचं दडपण नाही; घरात तर हे चाललंय याची कोणाला कल्पनाही नाही. मी वैतागलेली आहे, पण वैतागलेल्या माणसाचं मृत्युपत्रही कायद्याला चालतं, असं वकिलांनी सांगितलं आहे.

१. घर. ते माझे पती हेमराज यांच्या नावावर होतं. ते गेल्यावर तीन सारखे वारस झाले: मी, मुलगी योगिता आणि सासूबाई शोभाबाई. मला फक्त माझा तिसरा हिस्सा देता येतो, तो योगिताला देते. आधी 'संपूर्ण घर' असं लिहिलं होतं, ते खोडलं. सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) हयात असेपर्यंत घर विकू नये. देवघराला लागून असलेली खोली त्यांचीच राहील.

२. बँकेतली ठेव आणि माझा प्रॉव्हिडंट फंड योगिताला. यातून तिच्या फार्मसीच्या उरलेल्या दोन वर्षांची फी जेमतेम निघेल. मांडवावर यातला एक रुपयाही घालू नये.

३. हेमराजच्या पान्यांची पेटी उखाभाऊंना. दोघांनी एकाच शेडमध्ये लूम दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं. माझे दीर वाल्मिक ती पेटी भंगारात घालायला निघाले होते. "किलोवर चांगली जाईल, वहिनी," असं म्हणाले होते. मी विसरलेले नाही.

४. मिक्सर आईंना. त्याचं चटणीचं भांडं शेजारच्या मालतीबाईंकडे गेलं ते गेलंच. ते परत मागावं, पण नम्रपणे, कारण साक्षीदार म्हणून सही त्यांचीच घ्यायची आहे.

५. नीलशिखर गोल्ड माइन्स या कंपनीचे शेअर. खरी डोकेदुखी इथून पुढे.

शेअर माझ्या एकटीच्या नावावर आहेत. पैसे हेमराजच्या विम्याचे, आग्रह वाल्मिकभाऊजींचा, मुहूर्त आईंचा. वकील गुजराती आहेत, म्हणून समजावून लिहिते. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी घागर पुजतात. आणि त्या दिवशी घरात आलेलं सोनं आमच्याकडे विकत नाहीत. हेमराज गेल्यानंतरची ती पहिली आखाजी होती. आईंना सोनं घ्यायचं होतं. भाऊजी रिंग रोडवर साड्यांची दलाली करतात, त्यांना प्रत्येक गोष्टीत घाऊक सौदा दिसतो. ते म्हणाले, "बांगडी घेऊन कपाटात काय ठेवता? आख्खी खाणच घ्या ना!" शेअर मार्केटला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून भाऊजींनी खरेदी आदल्या दिवशी उरकली आणि आखाजीला खात्याचा छापील उतारा आणून दिला. आईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि तो हेमराजच्या घागरीखाली ठेवला. घागर उठली, कागद आजही देवघरात आहे. रोज त्याला फूल वाहिलं जातं.

मी त्या कंपनीचा अहवाल वाचला, तो नंतर. कर्ज असणं हा दोष नाही. इथले शेठही लूम कर्जावरच आणतात. पण लूम थकायच्या आत त्याचा हप्ता संपला पाहिजे, एवढं आमच्या गल्लीत कोणीही सांगेल. खाणीचं तेच. कर्जाच्या आकड्याला घाबरायचं नाही. हाताशी असलेली रोकड त्यातून वजा करायची, वर्षाच्या कमाईतून व्याज सुटतं का ते बघायचं, आणि मग दोन वर्षं शेजारी ठेवायची: मुद्दल फेडण्याचं वर्ष आणि खाणीतलं सोनं संपण्याचं वर्ष. नीलशिखरचं व्याज सुटतं. पण तिच्या चालू खाणीत, तिच्याच अंदाजाने, सहा वर्षांचं सोनं उरलं आहे आणि कर्जाचा मोठा भाग आठव्या वर्षी एकदम फेडायचा आहे. तो फेडणार दुसऱ्या खाणीतून, जिला अजून जंगल खात्याची परवानगी नाही. शिवाय येणाऱ्या उत्पादनातला निम्मा माल कर्ज देणाऱ्यांना आधीच ठरलेल्या भावाने बांधून दिला आहे. म्हणजे सोन्याचा भाव आभाळाला भिडला तरी निम्म्या मालावर कंपनीला त्याचा उपयोग नाही.

हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की आता भांडीही ऐकत नसतील. रविवारी भाऊजी पेढे घेऊन आले.

"वहिनी, शेअर दुपटीला टेकला. आता तरी हात जोडा मला."

"जोडते. आठव्या वर्षी फेड कुठून करणार, तेवढं सांगा."

"तुम्ही ना, साडी उलटी करून बघणाऱ्यातल्या!"

"उलटी बाजू बघण्याचाच पगार घेते मी, भाऊजी."

देवघरातून आईंचा आवाज आला, "सोनं भी कर्ज काढस का वं? मना हेमानं शे ते. त्याले हात नको लावू."

योगिता मोबाइलमधून मानही वर न करता म्हणाली, "मम्मी, वेची नाख ने! रोजची कटकट."

विकून टाक! जणू बोटाने पडदा दाबला की झालं. आणि खरं तर तेवढंच आहे, म्हणून जास्त चिडचिड होते.

मी चूक असू शकते. परवानगी येईलही. आजवर भाऊजी बरोबर ठरले आहेत आणि शेअर चढत असताना कर्जाबद्दल बोलणारी बाई मूर्खच दिसते. पण फी भरून झाल्यावर, घराचा हिस्सा सोडला तर, योगिताजवळ या शेअरांशिवाय काही उरणार नाही, आणि तो सगळा आधार एका न आलेल्या परवानगीवर टांगलेला मला बघवत नाही.

म्हणून: माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत योगिताने हे सर्व शेअर विकावेत. रक्कम तिची एकटीची. खात्यावर नॉमिनी म्हणून भाऊजींचं नाव आहे; त्यांनी ते शेअर तिच्या हवाली करावेत, अडवू नयेत.

६. वाल्मिकभाऊजींना कंपनीचा वार्षिक अहवाल, दीर्घ मुदतीच्या कर्जाची पानं पेन्सिलीने खुणावलेली. माझ्यावर त्यांचा खरा जीव आहे, हेही इथे नोंदवते. हेमराजच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात तेच बसले होते. पण अहवाल वाचावा.

इथपर्यंत लिहून वर वाचलं आणि पाचवं कलम बघून स्वतःचाच राग आला. एका महिन्याच्या आत म्हणजे घरात माझं सुतक नुकतंच फिटलेलं असेल. वीस वर्षांची मुलगी आजीसमोर उभी राहील, देवघरातल्या त्या कागदाबद्दल बोलेल, आणि आजी विचारेल, तुझ्या आईने जिवंतपणी का नाही विकले? काय उत्तर देणार ती? आईंना बोलायची माझी हिंमत होत नाही, म्हणून मी तिच्यावर ढकलते आहे. कंपनीने तरी फेडीचं वर्ष छापून सांगितलं आहे; मी माझी फेड न सांगताच मुलीच्या माथी मारते आहे.

पाचव्या कलमातला शेवटचा परिच्छेद रद्द. त्याऐवजी: सदर शेअर मी माझ्या हयातीत विकेन. येणारी रक्कम योगिताच्या नावे ठेव म्हणून राहील.

साक्षीदार, शनिवारी माझ्यासमोर सही करतील: १. मालतीबाई चव्हाण, शेजारी. २. मारुती अहिरे, मिलमधले सहकारी. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. भांडं मी धरत नाही.

जयश्री हेमराज बोरसे
पर्वत पाटिया, सुरत
५ फेब्रुवारी २०२६

उद्याचं काम: मार्केट उघडण्याआधी आईंजवळ बसून त्यांना सांगणे.